घटक ७ : धावता आलेख आणि त्याचे मराठी निवेदन

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• संवेदकाने मोजलेली नोंद संगणकाच्या पडद्यावर आलेखरूपाने कशी उमटते, हे सांगता येईल.
• आलेखाचे आडवा व उभा हे दोन अक्ष काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे स्पष्ट करता येईल.
• बदल सांगताना क्रियापदाचे योग्य रूप, विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय निवडता येईल.
• धावत्या आलेखावरून नोंदवहीत लिहिण्याजोगे निःसंदिग्ध मराठी निवेदन तयार करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्र हो,

मागील घटकात आपण अहवाललेखन आणि इतिवृत्तलेखन यांचा विचार केला. तेथे घडून गेलेल्या गोष्टी लिहावयाच्या होत्या. या घटकात घडत असलेली गोष्ट कशी लिहावी, हे पाहावयाचे आहे. संगणकाच्या पडद्यावर क्षणोक्षणी पुढे सरकणारी रेघ, म्हणजेच धावता आलेख, हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे.

मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तुमच्यापैकी अनेक जण हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात, भोसरीच्या किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी सांभाळून शिकत आहेत. अशाच एका विद्यार्थ्याने संपर्कसत्राच्या वेळी आपल्या कारखान्यातील पाळीच्या नोंदवहीतील एक वाक्य मला दाखवले. वाक्य त्याचेच होते : ‘बेअरिंगचे तापमान वाढले. नोंद घ्यावी.’ देखभाल विभागाने त्या बेअरिंगवर एक संवेदक बसवला होता आणि शेजारच्या लॅपटॉपवर त्याचा आलेख सतत उमटत असे. दुसऱ्या पाळीभर आकडे ताडून पाहिल्यामुळे तापमान हळूहळू चढत आहे, हे या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले होते. तिसऱ्या पाळीच्या कामगाराने ते वाक्य वाचले, पडद्याकडे पाहिले, तेथे जवळजवळ सपाट रेघ दिसली आणि तो आपल्या कामाला लागला. पहाटे यंत्र बंद पडले. खुलासा मात्र दोघांनाही द्यावा लागला. एकाचे म्हणणे, ‘मी लिहून ठेवले होते.’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘वाढले असे लिहिले होते, वाढत आहे असे नव्हते.’

‘सर, यात माझे मराठी चुकले का?’ असा त्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता. व्याकरणाच्या दृष्टीने त्याचे वाक्य शुद्ध होते. तरीही ते अपुरे होते आणि पडद्यावरचा आलेखही तितकाच अपुरा होता. हे अपुरेपण कोठे होते आणि ते कसे भरून काढता येते, हा या घटकाचा विषय आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ संवेदकापासून पडद्यापर्यंत

आलेखाचे निवेदन करण्यापूर्वी तो कसा तयार होतो, हे समजून घेऊ. शिकण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे एक साधे उपकरण उदाहरणादाखल घेऊ. ‘आर्डुइनो’ या नावाने ओळखला जाणारा सूक्ष्मनियंत्रकाचा फलक २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ या गावी तयार झाला. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही तो वापरता यावा, हा त्यामागील हेतू होता. त्याच्या ‘ऊनो’ या प्रकाराला ‘एलएम-३५’ हा तापमानाचा संवेदक जोडला, असे समजू.

हा संवेदक तापमानाच्या प्रत्येक अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब देतो. सूक्ष्मनियंत्रक ० ते ५ व्होल्ट या पट्ट्याचे १,०२४ समान भाग करतो आणि आलेला दाब कितव्या पायरीवर आहे, तेवढेच पाहतो. एक पायरी सुमारे ४.८८ मिलिव्होल्टची, म्हणजे तापमानाच्या भाषेत सुमारे ०.४९ अंशाची होते. ५६वी पायरी म्हणजे २७.३४ अंश आणि ५७वी पायरी म्हणजे २७.८३ अंश. यांच्या मधले तापमान या मांडणीला दिसतच नाही. पडद्यावर २७.३४ असा दोन दशांश स्थळांचा आकडा दिसला, तरी त्यातील सूक्ष्मता गणिताने आलेली आहे, मोजणीने नव्हे. अशा वेळी निवेदनात ‘सुमारे २७.५ अंश’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

हा आकडा पुढे यूएसबी केबलमधून संगणकाकडे जातो. सेकंदाला ९,६०० बिट हा नेहमीचा वेग धरला, तर एका अक्षरचिन्हाला १० बिट लागत असल्यामुळे सेकंदाला ९६० चिन्हे जातात. ‘२७.३४’ या नोंदीची ५ चिन्हे आणि ओळ संपल्याची २ चिन्हे मिळून ७ होतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १३७ नोंदी पाठवता येतात. येथे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा वेग एकच ठरलेला असावा लागतो. तो जुळला नाही, तर केबल, संवेदक व संगणक सुस्थितीत असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. संकेत दोघांना समान असल्याखेरीज संदेशन होत नाही, हे भाषाविज्ञानाच्या घटकात आपण पाहिलेच आहे. दुसरी अशी, की ओळ संपल्याचे चिन्ह येथे पूर्णविरामाचे काम करते. ते पाठवले नाही, तर एक आकडा कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे संगणकाला कळत नाही.

संगणकावरील आज्ञावली आलेल्या प्रत्येक आकड्याचा एक बिंदू मांडते आणि बिंदू रेघेने जोडते. आर्डुइनोच्या स्वतःच्या प्रणालीत ‘सीरियल प्लॉटर’ नावाची ही सोय २०१५ पासून आहे. ‘प्रोसेसिंग’ किंवा ‘पायथन’ या भाषांत अशी आज्ञावली स्वतःही लिहिता येते.

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले आहेत. वस्तूशी प्रत्यक्ष कार्यकारणाने जोडलेले ते निर्देशचिन्ह; वस्तूशी साम्य असलेले ते प्रतिमाचिन्ह; आणि केवळ समाजसंकेताने अर्थ मिळालेले ते प्रतीक. संवेदकाचा विद्युतदाब हे निर्देशचिन्ह आहे. चढणारी रेघ हे प्रतिमाचिन्ह आहे. मात्र ‘हे तापमान आहे, ते डाव्या बेअरिंगचे आहे, अंश सेल्सिअसमध्ये आहे’ ही माहिती केवळ शब्दांतून, म्हणजे प्रतीकांतूनच देता येते. पहिली दोन कामे यंत्र करते. तिसरे काम माणसाला करावे लागते.

७.२.२ आडवा अक्ष : क्रम की काळ?

आलेखाचा आडवा अक्ष म्हणजे काळ, असे आपण सवयीने धरून चालतो. सीरियल प्लॉटरमध्ये मात्र तसे नसते. तेथे आडव्या अक्षावर नोंदींचा केवळ क्रम असतो : पहिली नोंद, दुसरी नोंद, तिसरी नोंद. या सोयीच्या जुन्या आवृत्तीत एका वेळी ५०० बिंदू दिसत; नव्या आवृत्तीत ५० दिसतात. दर सेकंदाला एक नोंद पाठवली, तर ५० बिंदू म्हणजे ५० सेकंद. दर मिनिटाला एक पाठवली, तर तेच ५० बिंदू म्हणजे ५० मिनिटे. रेघेचा आकार पाहून यांतील कोणता काळ आहे, हे ओळखता येत नाही.

प्रास्ताविकातील प्रसंगाचा एक धागा येथे उलगडतो. समजा, बेअरिंगचे तापमान दर तीन मिनिटांनी एका अंशाने वाढत होते आणि पडद्यावर केवळ शेवटची ५० सेकंदे दिसत होती. ५० सेकंदांत होणारी वाढ ०.२८ अंश इतकी, म्हणजे आपल्या उदाहरणातील एका पायरीहूनही कमी भरते. रेघ सपाट दिसणारच. तिसऱ्या पाळीच्या कामगाराने पडदा नीट पाहिला नाही, असे म्हणता येणार नाही. जे दिसत होते, ते त्याने बरोबर पाहिले; पण ते फार थोड्या काळाचे होते. डावीकडून बाहेर गेलेले बिंदू ही सोय साठवून ठेवत नाही, त्यामुळे मागे वळून पाहण्याचीही सोय नव्हती.

जुन्या उपकरणांत ही उणीव नव्हती. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला व शेजारच्या चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. हवामान वेधशाळांत वापरल्या जाणाऱ्या तापमानलेखकात दोन धातूंची जोडपट्टी उष्णतेने वाकते आणि तिला जोडलेली लेखणी कागदावर रेघ ओढते. हा कागद घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणाऱ्या नळकांड्याला गुंडाळलेला असतो आणि त्यावर तासांच्या रेषा आधीच छापलेल्या असतात. लेखणीची दांडी एका टोकाभोवती फिरत असल्यामुळे त्या रेषा सरळ नसून कमानीसारख्या असतात. येथे काळ कागदातच आहे. लिहिणाऱ्याने तो वेगळा सांगावा लागत नाही. आजच्या संगणकीय आलेखात तो मुद्दाम घालावा लागतो. आज्ञावलीने प्रत्येक नोंदीबरोबर संगणकाच्या घड्याळातील वेळ फाइलमध्ये लिहिली, म्हणजे हे काम होते. सूक्ष्मनियंत्रकाची स्वतःची मोजणी केवळ ‘चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद’ इतकेच सांगते आणि सुमारे ५० दिवसांनी पुन्हा शून्यावर येते, हेही ध्यानात ठेवावे.

काळाचा आणखी एक प्रश्न आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ या प्रकल्पाची हवा मोजणारी केंद्रे निगडी, भोसरी आणि हिंजवडीच्या वाटेवरील भूमकर चौक येथे उभारली गेली. हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक काढताना सूक्ष्म धूलिकणांची २४ तासांची सरासरी धरतात. म्हणून निर्देशांक २१० असेल, तर ‘या क्षणी हवा वाईट आहे’ असे नव्हे, तर ‘गेल्या २४ तासांच्या सरासरीनुसार हवा वाईट या वर्गात आहे’ असे लिहावे लागते. आकडा क्षणाचा आहे की कालखंडाचा, हे निवेदनात आलेच पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) सीरियल प्लॉटरच्या आडव्या अक्षावर काय असते?
२) दर १० सेकंदांना एक नोंद पाठवल्यास ५० बिंदूंच्या पडद्यावर किती काळ दिसेल?
३) तापमानलेखकाच्या कागदावर काळ कसा दर्शवलेला असतो?

७.२.३ उभा अक्ष : एकक, मोजपट्टी आणि विभक्ती

उभ्या अक्षावर मोजलेली राशी असते. सीरियल प्लॉटर या अक्षाची मोजपट्टी आलेल्या आकड्यांनुसार आपोआप लहान-मोठी करतो. तापमान २७.३४ आणि २७.८३ यांच्यामध्ये एकाच पायरीने मागेपुढे होत असेल, तर तेवढ्याच अर्ध्या अंशाने सारा पडदा भरून जातो आणि डोंगरदऱ्या दिसू लागतात. उलट, मध्येच एखादी ९० अंशांची चुकीची नोंद आली, तर खरी चढउतार दबून रेघ सपाट होते. म्हणून ‘आलेखात मोठी वाढ दिसते’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘मोठी’ हे विशेषण रेघेच्या उंचीला लागते, तापमानाला नव्हे. किती अंशांपासून किती अंशांपर्यंत, हे आकड्यांत लिहिले, म्हणजे मोजपट्टी बदलली तरी अर्थ बदलत नाही.

येथे मराठीतील विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांचे महत्त्व कळून येते. पुढील वाक्ये पाहा.

अ) तापमान १५ अंशांनी वाढले.
आ) तापमान ५६ अंशांपर्यंत वाढले.
इ) तापमान ५६ अंशांवर गेले.

‘नी’ हा तृतीयेचा प्रत्यय येथे फरक सांगतो. ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय मर्यादा सांगते. ‘वर’ या अव्ययाचे मात्र दोन अर्थ संभवतात : ५६ला पोहोचले किंवा ५६ ओलांडले. ‘७० अंशांवर गेल्यास यंत्र थांबवावे’ या सूचनेत नेमके ७० अंश झाल्यावर काय करावे, हे स्पष्ट होत नाही. ‘७० अंश किंवा त्याहून अधिक झाल्यास’ असे लिहिले की शंका उरत नाही. एका प्रत्ययाची गल्लत किती महागात पडते, हे ‘५६ अंशांपर्यंत’ ऐवजी ‘५६ अंशांनी’ असे लिहून पाहिले, तर लगेच कळेल.

आणखी एक दक्षता घ्यावी. तापमान २० अंश सेल्सिअसवरून ४० वर गेले, तर आकडा दुप्पट होतो; पण ‘तापमान दुप्पट झाले’ असे लिहू नये. सेल्सिअस मापातील शून्य हा पाणी गोठण्याचा बिंदू म्हणून निवडलेला आहे, तापमानाचा खरा आरंभ नव्हे. ‘२० अंशांनी वाढले’ हेच योग्य निवेदन होय.

७.२.४ गोंगाट आणि सरासरी

संवेदकाच्या नोंदीत मोजावयाच्या राशीखेरीज इतरही गोष्टी शिरतात. शेजारची मोटर, सैल जोड, लांब तार यांमुळे आकडे थरथरतात. या थरथरीला गोंगाट म्हणतात. ध्वनीसाठीचा हा शब्द येथे लक्षणेने वापरला जातो, हेही तुमच्या ध्यानात आले असेल.

गोंगाटाचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सतत नोंदी होत असत. शहरातील घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने या नोंदी बिघडतील, हे स्पष्ट झाले. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथील नोंदी एकाच वेळी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या व नव्या जागेतील फरक समजून नोंदींची परंपरा अखंड राहिली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. गोंगाट येण्यापूर्वीच त्याचा विचार करणे आणि जागा बदलल्याचे नोंदीत स्पष्ट ठेवणे, हे दोन धडे यातून मिळतात.

आपल्या लहान मांडणीत गोंगाट कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे दहा नोंदींची सरासरी काढून तीच मांडणे. रेघ शांत होते. पण क्षणभराची खरी उसळीही त्यात बुजून जाऊ शकते. म्हणून सरासरी घेतली असेल, तर ‘१० नोंदींच्या सरासरीनुसार’ हे शब्द निवेदनात असावेत.

७.२.५ क्रियापदाची निवड

आता प्रास्ताविकातील मूळ प्रश्नाकडे येऊ. क्रिया केव्हा घडली हे काळ सांगतो. ती पूर्ण झाली, चालू आहे की वारंवार घडते, हे क्रियाव्याप्ती सांगते. ‘वाढणे’ या एकाच क्रियापदाची पुढील रूपे पाहा.

१) दुपारी तापमान वाढत असते. – नेहमीची रीत सांगितली आहे. आजच्या आलेखाविषयी यात काही नाही.
२) तापमान वाढत आहे. – निवेदनाच्या क्षणी क्रिया चालू आहे. हा क्षण कोणता, हे सांगितल्याशिवाय वाक्य अपुरे राहते.
३) तापमान वाढले. – क्रिया एक पूर्ण घटना म्हणून पाहिली आहे. पुढे काय झाले, याविषयी हे रूप मौन पाळते.
४) तापमान वाढले आहे. – क्रिया झाली आणि तिचा परिणाम अजून टिकून आहे.
५) तापमान वाढले होते. – क्रिया पूर्वी झाली. आता स्थिती बदलली असावी, असे वाचकाला वाटते.
६) तापमान वाढत गेले. – वाढ टप्प्याटप्प्याने झाली. ‘गेले’ हे सहायक क्रियापद येथे जाण्याचा मूळ अर्थ सोडून क्रियेचे सातत्य दाखवते.
७) तापमान वाढत राहिले. – वाढ थांबेल, अशी अपेक्षा असताना ती थांबली नाही.

आपल्या विद्यार्थ्याने तिसरे रूप वापरले. त्याला दुसरे किंवा सातवे अभिप्रेत होते. पाळीभर रेघ पाहणाऱ्याच्या मनात पुढची चढण गृहीत होती; पण ती त्याच्या वाक्यात उतरली नाही. वाचणाऱ्याकडे केवळ वाक्य होते. बोलताना आवाजाचा चढ, हातवारे आणि समोरचा पडदा ही उणीव भरून काढतात. नोंदवहीत ती सोय नसते. धावत्या आलेखाचे उजवे टोक नेहमीच अपूर्ण असते. ते सांगणारे क्रियारूपही अपूर्णच असावे लागते.

७.२.६ शब्दांची निवड

तांत्रिक निवेदनात परिभाषा कोणती वापरावी, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ‘संवेदक’, ‘सूक्ष्मनियंत्रक’, ‘आलेख’ हे शब्द अभ्यासात अवश्य वापरावेत. नोंदवहीत मात्र पुढचा वाचक जो शब्द ओळखतो, तो श्रेष्ठ मानावा. कारखान्यात सारे ‘सेन्सर’ आणि ‘बेअरिंग’ म्हणत असतील, तर तेच लिहावेत. त्याच वेळी ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ यांची गल्लत करू नये. उष्णता ही ऊर्जा आहे. संवेदक मोजतो ते तापमान.

बदल सांगणारी क्रियापदे मराठीत विपुल आहेत. ताप चढतो व उतरतो, पूर ओसरतो, भाव स्थिरावतात, नाव हेलकावे खाते. ‘चढणे’, ‘उतरणे’, ‘स्थिरावणे’, ‘हेलकावणे’, ‘उसळणे’ ही क्रियापदे आलेखाच्या आकाराचे नेमके वर्णन करतात. ‘पारा चढला’ हा वाक्प्रचार वृत्तपत्रांत शोभतो. परंतु ज्या संवेदकात पाराच नाही, त्याच्या नोंदीत तो टाळलेला बरा.

७.२.७ निवेदनाचा नमुना

वरील सर्व मुद्दे एकत्र करून प्रास्ताविकातील नोंद पुन्हा लिहू. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत.

‘दुसरी पाळी, रात्री १०.४०. डाव्या बेअरिंगचे तापमान रात्री ९.५५ पासून सलग वाढत आहे. ९.५५ वाजता ४१ अंश से. होते, आता ५६ अंश से. आहे. ४५ मिनिटांत १५ अंशांनी वाढ. नोंद दर सेकंदाला. आकडे १० नोंदींच्या सरासरीचे. पडद्यावर शेवटची ५० सेकंदेच दिसतात, त्यामुळे रेघ सपाट वाटेल, आकडे पाहावेत. याच गतीने वाढ होत राहिल्यास ११.२० च्या सुमारास ७० अंश होतील. दर १० मिनिटांनी तापमान या वहीत लिहावे. ७० अंश किंवा त्याहून अधिक झाल्यास यंत्र थांबवून देखभाल विभागाला कळवावे.’

या नोंदीत तीन स्तर आहेत. ‘होते’, ‘आहे’, ‘वाढत आहे’ ही रूपे प्रत्यक्ष पाहिलेले सांगतात. ‘राहिल्यास … होतील’ हे संकेतार्थी वाक्य अनुमान सांगते. ‘लिहावे’, ‘कळवावे’ ही विध्यर्थी रूपे कर्तव्य सांगतात. पाहिलेले, अनुमानलेले आणि करावयाचे या तिन्हींची क्रियारूपे वेगळी ठेवली, म्हणजे वाचणाऱ्याला कोठे विश्वास ठेवावा, कोठे पडताळावे आणि कोठे कृती करावी, हे कळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

१) ‘तापमान वाढले’ आणि ‘तापमान वाढले आहे’ यांतील फरक सांगा.
२) ‘दाब ३ एककांवर गेल्यास’ या रचनेतील संदिग्धता दूर करा.
३) ‘आज पाण्याचे तापमान दुप्पट झाले.’ (१५ अंश से.वरून ३० अंश से.) हे वाक्य दुरुस्त करा.

७.३ सारांश

संवेदकाचा विद्युतदाब, त्याचे आकड्यात रूपांतर, आकड्याचे वहन आणि पडद्यावरील बिंदू अशा टप्प्यांतून धावता आलेख तयार होतो. साध्या आज्ञावलीत आडव्या अक्षावर काळ नसून क्रम असतो आणि उभ्या अक्षाची मोजपट्टी आपोआप बदलते. त्यामुळे रेघेचा आकार एकटा पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. काय मोजले, कोठे, केव्हा, कोणत्या एककात, किती नोंदींची सरासरी घेऊन, ही माहिती शब्दांत द्यावी लागते. बदल चालू आहे की संपला, हे क्रियापदाच्या रूपातून स्पष्ट झाले पाहिजे. ‘माझे मराठी चुकले का?’ या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल : वाक्य चुकले नव्हते, ते लिहिणाऱ्याला पुरेसे होते, वाचणाऱ्याला नव्हते. व्यवहारातील लेखन वाचणाऱ्यासाठी असते.

७.४ पारिभाषिक शब्द

संवेदक : तापमान, प्रकाश, दाब यांसारख्या राशीचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा घटक, सेन्सर.
सूक्ष्मनियंत्रक : मोजणी व नियंत्रणासाठी वापरला जाणारा एकाच चिपवरील लहान संगणक, मायक्रोकंट्रोलर.
धावता आलेख : नोंदी येत असतानाच उमटत जाणारा आलेख.
गोंगाट : मोजावयाच्या राशीशी संबंध नसलेली नोंदीतील थरथर.
क्रियाव्याप्ती : क्रिया पूर्ण, अपूर्ण की रीतीची, हे दर्शवणारा क्रियापदाचा विशेष.

७.५ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १) आलेल्या नोंदींचा क्रम. २) ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद. ३) घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणाऱ्या कागदावर छापलेल्या तासांच्या कमानदार रेषांनी.

प्रश्न – २ : १) पहिल्या वाक्यात घटना पूर्ण झाल्याचे कळते, सद्यःस्थिती कळत नाही, दुसऱ्यात वाढीचा परिणाम अजून टिकून असल्याचे कळते. २) ‘दाब ३ एकके किंवा त्याहून अधिक झाल्यास’ किंवा ‘दाब ३ एककांहून अधिक झाल्यास’. ३) ‘आज पाण्याचे तापमान १५ अंशांनी वाढून ३० अंश से. झाले.’

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘धावत्या आलेखाचे उजवे टोक नेहमीच अपूर्ण असते’ या विधानाचे क्रियाव्याप्तीच्या संदर्भात स्पष्टीकरण करा.
२) तापमानलेखक आणि सीरियल प्लॉटर यांची काळाच्या मांडणीच्या दृष्टीने तुलना करा.
३) अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या उदाहरणावरून नोंदींच्या विश्वसनीयतेविषयी काय शिकता येते, ते लिहा.

७.७ क्षेत्रीय कार्य

तुम्ही काम करता त्या ठिकाणच्या किंवा परिसरातील एखाद्या नोंदवहीतील बदल सांगणारी दहा वाक्ये, संबंधितांच्या परवानगीने व नावे वगळून, उतरवून घ्या. प्रत्येक वाक्यातील काळ, क्रियाव्याप्ती, एकक आणि वेळेचा उल्लेख तपासा. जी वाक्ये अपुरी वाटतील, ती पुन्हा लिहा आणि ते काम न पाहिलेल्या व्यक्तीला वाचावयास देऊन तिला काय समजले, ते विचारा. तिचे उत्तर तुमच्या वाक्याशेजारी लिहून संपर्कसत्राला आणा.